गुरुवार, सात ते दहा

धुलाईखोलीच्या वहीत एस्किलच्या आईचं नाव असायचं :
पोरोमा, गुरुवार, सात ते दहा.
त्या तीन तासांत आम्ही एकही चादर धुतली नाही.
वॉशिंग मशीनवर अँप्लिफायर, ड्रायरवर सिंथेसायझर,
दोरीवर कुणीतरी विसरलेले लोकरी मोजे,
आणि मी, सतरा वर्षांचा, घसा खरवडून
शनीच्या कड्यांविषयी किंचाळणारा.

बाहेर उणे चौतीस.
डिसेंबरात मावळलेला सूर्य नव्या वर्षातच उगवायचा.
दक्षिणेकडच्या पोरांनी सैतान घेतला होता, जंगलं घेतली होती,
देवाच्या नावाने खडे फोडून झाले होते.
आम्हाला उरलं आकाश,
तेही सिग्ने-मायच्या हट्टाने.
तिचे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे.
सैतानाचं नाव काढलंत तर किल्ली देणार नाही, म्हणाली.
किल्ली सिंथेसायझरच्या कपाटाची.

बँडचं नाव नोल्केल्विन. शून्य केल्विन,
जिथे अणूसुद्धा हातपाय गाळतो.
तोंडाला जस्ताचं मलम, डोळ्यांभोवती जळक्या बुचाची काजळी.
एकदा मलम गोठलं आणि हसताना तडकलं,
म्हणून फोटोत आम्ही इतके गंभीर.

पहिली कॅसेट, शंभर प्रती.
मुखपृष्ठावर शाळेच्या पुस्तकातला तेजोमेघ.
लायब्ररीच्या झेरॉक्सने त्याचा नुसता डाग केला.
लोक म्हणाले, कृष्णविवर. आम्ही हो म्हणालो.
एक्केचाळीस खपल्या.
चिलीहून एक पत्र आलं :
इथे वाळवंटात तारे फार आहेत, आणि आवाज काहीच नाही,
म्हणून तुमची कॅसेट लावतो.
ते पत्र तिघांनी पाळीपाळीने
आठवडा आठवडा उशाशी ठेवलं.

मग तो पत्रा.
तळावरून उडालेली रॉकेटं टुंड्रात कुठेही पडायची.
निल्स-आन्ते लाब्बाला रेनडियर हाकताना एक तुकडा सापडला.
स्नोस्कूटरला बांधून त्याने तो फरफटत आणला,
धुलाईखोलीच्या दारात टाकला,
विचारलं, वाजतो का?

वाजला.

दुसऱ्या अल्बममध्ये, तिसऱ्या गाण्यात, बाराव्या मिनिटाला
जे ऐकून कुणा समीक्षकाने ‘विश्वाची घंटा’ असं लिहिलं,
ते हेच. एस्किल बर्फाच्या फावड्याने पत्रा बडवतोय.

रात्री दीडला खाणीत सुरुंग उडायचे.
आधी बशा थरथरायच्या, मग दात.
एस्किल तिथेच कामाला लागला.
ताल त्याच्या पायांत राहिला, कानांतून गेला.
ज्या पोकळीवर आम्ही सतरा-सतरा मिनिटं रचली
ती वर आहे असं धरून चाललो होतो.
खाली, धुलाईखोलीच्या फरशीखाली, हजार मीटरवर
कंपनी ती रोज रात्री थोडी थोडी वाढवत होती.

बँड मोडला असं म्हणता येणार नाही.
भांडणसुद्धा झालं नाही.
एका गुरुवारी वहीत दुसऱ्याच कुणाचं नाव होतं.

आता ती इमारत नाही. कुंपण आहे,
आणि पाटी : जमीन खचत आहे.

मार्चमध्ये एस्किलच्या आईला पोचवायला जमलो.
सिग्ने-माय आता वडिलांच्या जागी बसते.
पेटी उचलताना तिने आमचं तिसरं गाणं धरलं,
चौपट सावकाश, माझ्या किंचाळण्याशिवाय.
एस्किलच्या हातात पेटीचा पुढचा कोपरा.
ऐकू येत नव्हतंच त्याला,
पण ऑर्गनचे खर्जाचे सूर लाकडातून चढतात.
पत्र्याची जागा आली तसा तो अडखळला,
मागच्या पाचजणांना थांबावं लागलं,
आणि त्याच्या उजव्या बुटाने फरशीवर
एकदाच, नीट, ठोका दिला.

बाहेर एका म्हातारीने माझी बाही धरली.
हे स्तोत्र कितव्या क्रमांकाचं?
पुस्तक गाडीत आहे, बघून सांगतो, म्हणालो,
आणि गाडीत जाऊन बसलो.